डोंगरावरच्या अळंबीतला धातू

विद्यापीठातल्या आरोहीनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, "काका, तुमच्या डोंगरावरच्या अळंबीत धातू फार जास्त निघालाय." पुढंही ती काही सांगणार होती. पण सटवानं इंगळी डसल्यासारखा फोन खाटेवर टाकला आणि मेंढरांच्या वाड्याकडं चालू लागला.

"काय म्हनली वं ती पोरगी?" मनकर्णेनं नवऱ्याला गाठलं.

"काय न्हाई."

"काय न्हाई तर तोंड कावून लपवताव?"

"बापाच्या वयाच्या मानसाला असलं सांगत्यात व्हय? शिकल्या म्हंजी लाज सोडायची?" लई खोदल्यावर सटवा खालमानेनं पुटपुटला, "आपल्या अळंबीत धातू लई हाय म्हनं."

आता धातू म्हणजे काय, हे बीडच्या स्टँडामागच्या भिंती वाचलेल्या कुणालाही सांगायला नको. धातू जातो, धातू पातळ होतो आणि तो पुष्ट करायला वैदू डबीभर चूर्ण देतो. लोखंड, तांबं, पितळ यांनाही धातूच म्हणतात, हे सटवाच्या तर सोडाच, दहावीपर्यंत गेलेल्या त्याच्या पोराच्या, सोमेश्वरच्याही डोक्यात आलं नाही. लोखंडाला माणसं लोखंड म्हणतात, उगाच धातू कशाला म्हणतील?

मनकर्णा काही लाजली बिजली नाही. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोमेश्वरच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. त्याचं सगळं खापर तिनं सुनेच्या डोक्यावर फोडलं होतं. बबिताला ती बारशाला न्यायची नाही, शेजारच्या ओल्या बाळंतिणीकडं जाऊ द्यायची नाही. धनगराच्या घरात राहून व्यालेल्या मेंढीजवळही तिला उभं करत नव्हती. पोरीनं आठ वर्षं हे मुकाट सोसलं. आणि आता देवानं एका शहरातल्या मुलीच्या तोंडून औषध सांगितलं होतं.

ही आरोही त्या फोनच्या आदल्या भादव्यात आली होती. लिंबागणेशच्या पुढं डोंगराच्या उतरणीला सटवा मेंढरं घेऊन जायचा, तिथं झाडाखाली पांढरी, जाड दांड्याची अळंबी उगवायची. सटवानंच तिला जागा दाखवली. तिनं थोडी अळंबी आणि तिच्या बुडाची थोडी माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून नेली, त्याचा फोन नंबर घेतला, आणि तपासून कळवते म्हणाली. त्याप्रमाणं तिनं कळवलं. नंतरचे तिचे फोन सटवानं उचललेच नाहीत. बिचारीची त्यात काय चूक?

मनकर्णेनं घरात वाळवून ठेवलेली अळंबी काढली आणि हिवाळाभर सोमेश्वरला चारली. तो कुरकुरला, पण आईपुढं त्याचं काही चालत नसे. आणि चैत्रात बबिताला दिवस गेले! मग काय विचारता. सटवाच्या तोंडून एकाला कळलं, एकाच्या तोंडून गावाला. साठी उलटलेले आप्पाराव, गावचे एकेकाळचे सरपंच, अंधार पडल्यावर येऊन हळूच म्हणाले, "जरा ती अळंबी दे बे सटवा. गुडघ्याला बरी असती म्हनत्यात." मनकर्णेनं पदर तोंडाला लावून त्यांच्या गुडघ्यासाठी ओंजळभर दिली.

यंदा अळंबी उगवली तशी ती स्वतः डोंगर चढली. सोमेश्वरचं काम झालं होतं, आता पोटातल्या लेकराला ताकद नको का? येसराचा मसाला घालून ती झणझणीत कालवण करायची आणि स्वतःच्या हातानं बबिताचं ताट वाढायची. बबिता सासऱ्यासमोर जेवत नसे, ताट घेऊन मागच्या अंगणात जायची. मनकर्णेला मोठं समाधान वाटायचं. आठ वर्षांत जे जमलं नाही ते आता जमत होतं, सुनेवर माया करणं.

आणि भादव्यातल्याच एका सकाळी आरोही पुन्हा दारात उभी राहिली. सटवा तिला पाहताच मेंढरं सोडायचं निमित्त करून पसार झाला. आरोहीची नजर पत्र्यावर वाळत घातलेल्या अळंबीवर गेली.

"मावशी, हे खायला नाही ना? मी काकांना फोनवर सांगितलं होतं."

"सांगितलं की. म्हनून तर खातोय!"

"अहो, त्यात धातू जास्त आहे."

"व्हय की. म्हनून तर!"

आरोहीला वाटलं, बाई चेष्टा करतेय. मनकर्णेला वाटलं, पोरीला उन्हानं चक्कर आली असावी.

"जड धातू आहे, मावशी," आरोही सावकाश म्हणाली.

"जडच चांगला की. पातळ असला तर वाईट."

आरोहीच्या कपाळावर आठी पडली, मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं आणि ती हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं खाली बसली. चुलीजवळचा तवा तिनं उचलला. "हा कशाचा आहे?"

"लोखंडाचा."

"लोखंड हा धातू. मी असल्या धातूबद्दल बोलत होते. त्यातलाच एक कॅडमियम नावाचा असतो, तो अंगाला वाईट. तुमच्या अळंबीत तो निघालाय."

मनकर्णा तव्याकडं बघत राहिली. "म्हंजी आमी तवा खाल्लाव?"

"तसंच काहीसं म्हणा."

"मंग सुनंला दिवस कशानं गेले?"

"ते मला कसं माहीत असणार, मावशी?"

मनकर्णेनं पदरानं तोंड पुसलं. "माती इखारी हाय का तितली? माझी मेंढरं तितंच चरत्यात. एक बी दगावलं न्हाई."

"माती चांगली आहे. तीही तपासली ना मी. मातीत कॅडमियम नावालाच आहे, तेवढं कुठंही असतं."

"माती चांगली, अन तिच्यातून उगवलेली अळंबी वाईट? हे कसलं गनित?"

आरोहीनं समजावलं. वर छत्री दिसते तेवढीच अळंबी नसते. खाली जमिनीत तिचे केसापेक्षा बारीक धागे लांबवर पसरलेले असतात. ते अन्न शोधत मातीचा कण न् कण चाचपत जातात, आणि जे थोडंथोडं हाती लागेल ते ओढून वरच्या छत्रीत साठवतात. सगळ्याच अळंब्या सारख्या नसतात. ही जात मात्र नेमकं कॅडमियम साठवते. गवताचं तसं नाही, म्हणून मेंढरं बरी आहेत.

"सरवा येचल्यावानी," मनकर्णा स्वतःशीच म्हणाली. सुगीनंतर रानात बघावं तर कणीस दिसत नाही. पण सरवा वेचणारी बाई दिवसभर वाकून वाकून पाटी भरूनच घरी येते.

"अगदी तसंच. एखाद्या वेळी खाल्ली तर घाबरायचं कारण नाही. पण रोज रोज खाल्ली तर ते अंगात साठतं, मूत्रपिंडाला त्रास होतो. घरात रोज कोण खातं?"

"सोमेश्वरनं खाल्ली. हिवाळाभर."

"त्यांना तपासून घ्यायला सांगा. आणखी?"

मनकर्णा मागच्या अंगणाकडं बघू लागली. तिला वेगळंच दिसत होतं. माती चांगली असती, पण तिच्यातून उगवणारं सगळं ओढून घेतं. बबिता वरून तुकतुकीत दिसत होती. पण तिच्या पोटातलं लेकरू तिच्यातूनच घेत होतं ना, थोडंथोडं, रोज?

"पोटुशी बाईनं खाल्ली तर?" तिनं कसंबसं विचारलं. "लेकराला जातंय का ते?"

आरोहीनं तवा खाली ठेवला. मग जपून म्हणाली, "बरंचसं गर्भाच्या वारेत अडतं. सगळं अडतं असं मी नाही सांगू शकत. त्यांना बीडला डॉक्टरांकडं न्या, मी येते बरोबर. पण काय खाल्लं, किती दिवस खाल्लं, ते खरं सांगावं लागेल."

बबिता मागच्या अंगणात भांडी घासत होती. मनकर्णा उंबऱ्यात उभी राहिली. आठ वर्षं जीभ चालवली तेव्हा काही झालं नाही, आणि माया केली तर ती इखारी निघाली, हा कुठला न्याय? नको सांगायला, असंही वाटून गेलं. उगं दवाखान्यात नेऊ म्हणावं. पण न सांगता डॉक्टर तपासणार काय? तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याहून भीती.

ती सुनेपुढं जाऊन मटकन बसली आणि सगळं सांगून टाकलं. धातूचं, तव्याचं, सरव्याचं, वारेचं. "माज्या हातानं चारलं गं तुला. माज्या हातानं."

बबितानं राखेचे हात धुतले. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण लेकरासाठी घाबरलेल्या बाईचा तो चेहरा नव्हता.

"आत्या, मी एक बी अळंबी खाल्ली न्हाई."

"ताट तर रिकामं यायचं!"

"उकिरड्यावर टाकायचे. वरून राख लोटायचे, तुमाला दिसू नये म्हनून."

मनकर्णेला क्षणभर काही कळेना. मग कळलं तशी ती सुनेचे दोन्ही हात धरून हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वाचलं! लेकरू वाचलं! "पर कावून गं? तुला कुनी सांगितलतं का, वाईट हाय म्हनून?"

"न्हाई."

"वास येत व्हता का?"

"न्हाई आत्या. वास तर लई चांगला यायचा." बबितानं खाली बघितलं. "आठ वर्षं तुमी मला व्यालेल्या मेंढीजवळ उभं केलं न्हाई. अन एकाएकी सोताच्या हातानं वाढायला लागल्या. मी दोन जिवाची. मला भ्या वाटलं. तुमच्या हातचं खायला मन धजंना."

मनकर्णेनं तिचे हात सोडले. रागवावं, तर कशाबद्दल? उपकार मानावेत, तर कशाचे? सुनेचा आपल्यावर काडीचा भरवसा नाही, आणि नाही म्हणूनच नातवंड सुखरूप आहे, ह्या दोन गोष्टी तिच्या मनात एकीशेजारी एक बसेनात.

मनकर्णा उठून चुलीकडं गेली, मागोमाग बबिताही आली. सवयीनं तिनं ताट घेतलं, त्यात भाकरी ठेवली, डाळीत पळी घातली आणि थांबली. भाकरी तिनं परत टोपल्यात ठेवली आणि रिकामं ताट सुनेच्या हातात दिलं.

"तुजं तू वाढून घी, बाय," ती म्हणाली. "अन पोटभर खा."