मास्तरचं वजन

मास्तर घरात आला तेव्हा चारशे चाळीस ग्रॅम होता. आठव्या दिवशी सकाळी तो तीनशे अठ्ठावन्न भरला. दातवालीने त्याला काट्यावरून उतरवलं, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा चढवलं. पुन्हा तीनशे अठ्ठावन्नच. काटा चुकला असेल अशी वेडी आशा होती, पण तो तिचा कामाचा काटा होता. कवळ्यांची पावडर त्यावर मोजून तिने अर्ध्या शहराला चावायला शिकवलं होतं, आणि काट्याने तिला कधी फसवलं नव्हतं.

मास्तर म्हणजे पोपट. राखाडी अंगाचा, लाल शेपटीचा, वय वर्षं एकतीस. जन्म काढला तो एका टेलरबाईंच्या दुकानात. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तो मान वाकडी करून असा बघायचा, की कापड आता हाच बेतणार! म्हणून मास्तर. टेलरबाईंचे गुडघे गेले, दुकान गेलं, आणि भाच्याने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. तिथे माणसांनाच जागा कमी, पोपटाला कोण घेणार? तेव्हा त्या दातवालीकडे आल्या होत्या. "तुमच्या हातचे दात मी तोंडात घालते," त्या म्हणाल्या, "तुमच्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणावर ठेवायचा?" असं म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? पिंजरा पोचवून जाताना त्या रडल्या नाहीत. फक्त जिन्यात तीनदा थांबल्या.

त्या दिवसापासून मास्तरने अन्नाला चोच लावली नव्हती म्हटलं तरी चालेल. मक्याचे उकडलेले दाणे, सफरचंद, सूर्यफुलाच्या बिया, सगळं तसंच्या तसं. तो वरच्या दांडीच्या टोकाला बसे, पिसं अंगाला घट्ट चिकटवून, मान लांब करून, आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राही. वजनाला काठीवर चढायची सवय टेलरबाईंनी लावली होती, तेवढी तो पाळायचा. बाकी ना आवाज, ना हालचाल. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "साडेतीनशेच्या खाली गेला तर नळीने भरवावं लागेल. पण हा इतका घाबरलाय, की धरल्याच्या धसक्यानेच जायचा." म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. फरक एवढाच, की इथे पळणार होता तो जीव.

आठ ग्रॅम उरले होते. एका दिवसाचे.

दातवालीचा जीव नुसता टांगणीला लागला होता. त्यात टेलरबाईंचा रोज अकरा वाजता फोन यायचा, आश्रमातून. "जेवला का माझा मास्तर?" आणि ही पहिल्या दिवसापासून सांगत आली होती, "हो, जेवला की." पहिल्या दिवशी वाटलं, उद्या जेवेलच, कशाला म्हातारीला घोर लावा. दुसऱ्या दिवशी तेच. आता सात दिवसांचं खोटं गळ्याशी आलं होतं. पोपट मेला तर काय सांगायचं? काल पोटभर जेवला आणि आज मेला?

बरं, या घराने हयगय केली म्हणावं तर तसंही नाही. उलट तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. पाहुण्याला माणूस आपल्याकडचं उत्तम ते देतो. या घरात उत्तम म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे शांतता.

दातवालीचा नवरा क्रेन चालवायचा, मालधक्क्यावर, कायमची रात्रपाळी. सकाळी आठला येऊन तो आतल्या खोलीत झोपायचा ते तीनपर्यंत. नऊ वर्षांपूर्वी पोरगी तान्ही होती, दिवसदिवस रडायची, आणि हा न झोपता कामावर जायचा. एका रात्री हुकाला लटकलेला खोका त्याच्या हातून झुलला आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला. हातभरच. त्या सकाळी तो घरी आला, बूटही न काढता उंबऱ्यात बसला, आणि त्याला चहाचा कप धरता येईना. दातवालीने तेव्हाच मनाशी ठरवलं, यापुढे या माणसाची झोप मोडू द्यायची नाही. झोप मोडली तर कुणाचा तरी जीव जाईल.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं हे घर नऊ वर्षं फुंकून पीत होतं. खुर्च्यांच्या पायांना कापड. घंटीची तार काढलेली. कुकर तीननंतर. शिंक आली तर उशीत. कवळ्या घासायची मशीनसुद्धा दातवाली तीन वाजल्यावरच लावायची. तोवर मेणाचं बिनआवाजी काम. पोरगी तर इतकी हलक्या पावलांनी चालायची, की तिचं नावच मुंगी पडलं. सुट्टीच्या दिवसांतही शेजारणी विचारायच्या, तुमच्याकडे कुणी राहतं की नाही?

मास्तर आल्यावर सगळ्यांनी कंबर कसली. नवं घर, म्हातारा पक्षी, घाबरेल बिचारा! मशीन तीननंतरही बंद. घासायच्या कवळ्या दातवाली दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नेऊन घासून आणायची. शाळेला सुट्टी असलेली मुंगी पिंजऱ्यापुढून श्वास रोखून जायची. आठ दिवस सगळे तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे वावरत होते, आणि पोपट ग्रॅमाग्रॅमाने कमी होत होता.

अकराला फोन थरथरला. दातवाली तो घेऊन पिंजऱ्याशीच उभी राहिली. आतलं दार बंद होतं.

"जेवला का माझा मास्तर?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. जीभ उचललीच नाही.

"नाही," ती कुजबुजली. "आठ दिवसांत काही धड खाल्लेलं नाही. मी रोज खोटं बोलले तुमच्याशी. आज तीनशे अठ्ठावन्न आहे. मला वाटतं... मला वाटतं तो जगत नाही आता."

दातवालीने डोळे मिटून घेतले. आता बोलतील, आता शिव्या देतील. देऊ देत.

"तुम्ही एवढं हळू का बोलताय?" टेलरबाईंनी विचारलं.

"आत हे झोपलेत. रात्रपाळी असते."

"आणि बाकीचं घर? काहीच कसं ऐकू येत नाही? कुणी गेलंय का हो तुमच्याकडे?"

"छे! मास्तरला त्रास नको म्हणून आम्ही सगळे गप्प असतो. आठ दिवस टाचणी पडू दिली नाही."

"अगं बाई!" म्हातारीचा आवाज एकदम चिरला. "अहो, झाडावर ससाणा येऊन बसला की पाखरं गप्प होतात. सगळी, एकदम. माझ्या दुकानात चार मशिनी, रेडिओ, बायकांची भांडणं, एकतीस वर्षं त्याने हे ऐकलं. तुम्ही सगळे गप्प म्हणजे त्याला काय वाटत असेल? आठ दिवस तो ससाण्याची वाट बघतोय! खाणार कसा? आवाज करा. भांडी आपटा. मशीन लावा ती तुमची."

"आत झोपलेत हो. त्यांची झोप मोडली तर..." तिला पुढे सांगता येईना.

"मी इथून काय सांगणार," म्हातारी हळू आवाजात म्हणाली. "तुमचं माणूस, तुमचं घर. ठरवा तुम्ही." आणि फोन ठेवला गेला.

दातवाली बंद दाराकडे बघत राहिली. मास्तरही तिकडेच बघत होता. एका बाजूला आठ ग्रॅम, दुसऱ्या बाजूला हातभर अंतर. आज रात्री खाली कोण उभं असेल, कुणाचा मुलगा, कुणाचा बाप? पोपटासाठी माणूस पणाला लावायचा? आणि लावायचा नाही, तर हा तिच्या डोळ्यांदेखत उपाशी मरणार, तोही तिच्याच घराच्या शांततेला भिऊन. ती आपल्या टेबलाशी गेली आणि हातमोजे घालून पुन्हा काढले.

"आई, काय झालं?" मुंगी कानाशी येऊन कुजबुजली. तिच्या नुसत्या ओठांच्या हालचालीवरून कळायचं, इतकं हळू.

"मुंगे, पाढे म्हण. मोठ्याने."

"बाबा झोपलेत."

"म्हण तू. पाच मिनिटं. बघू या."

मुंगीने तोंड उघडलं, पण आवाज अगदी बारीक निघाला; दिवसा मोठ्याने बोलायचं कसं हे पोर विसरूनच गेली होती. दोनाचा पाढा कुजबुजत गेला, तिनाचा जरा बरा. चाराच्या पाढ्याला दातवालीने डोळे मिटून मशीनचं बटण दाबलं.

घर्रर्र.

तिला वाटलं, भिंती हलल्या. तिने कवळी चाकाला लावली. तिची नजर दाराकडे होती, पिंजऱ्याकडे बघायचं धाडसच होत नव्हतं. मुंगीनेच तिचा पदर ओढला.

मास्तरने पिसं सैल सोडली होती. आठ दिवसांत पहिल्यांदा तो पक्ष्यासारखा गोल दिसत होता. त्याने अंग झाडलं, शेपूट हलवली, एक पाय पोटाशी घेतला, पुन्हा खाली ठेवला. मग दांडीवरून सरकत सरकत तो वाटीपाशी आला. मक्याचा एक दाणा पायात धरला. चोचीने फोडला.

"आई, खातोय!" मुंगी ओरडली. खरोखरची ओरडली.

"पाढे सोडू नकोस. पुढे, पुढे!"

पाचाचा झाला, सहाचा झाला, दहापर्यंत जाऊन पाढे पुन्हा दोनापासून सुरू झाले. मास्तरने तीन दाणे संपवले, चौथा उचलला. अर्धा तास तरी झाला असेल. दातवाली दाणे मोजत होती आणि मनात ग्रॅम करत होती. एवढ्यात आत पलंग करकरला.

मशीन कधी बंद केली, तिचं तिलाही कळलं नाही. मुंगीचा पाढा 'सात सक'वर तुटला. मास्तरच्या पायात दाणा तसाच राहिला, मान लांब, पिसं पुन्हा घट्ट. तिघंही आतल्या दाराकडे बघत होती, आणि तिघांच्या बघण्यात काडीचाही फरक नव्हता. ते दातवालीच्या ध्यानात आलं. मग तिला पोरीच्या तोंडाकडे बघवेना.

दार उघडून क्रेनवाला बाहेर आला, अनवाणी, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? कुणाला लागलं?"

"कुणाला नाही हो. मशीन मीच लावली होती. चुकले मी. तुम्ही परत झोपा, आम्ही आता अजिबात..."

"ते नाही. एकदम बंद का झालं?"

तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"यार्डात आवाज आहे तोवर सगळं ठीक असतं," तो म्हणाला. "आवाज एकदम थांबला की समजायचं, काहीतरी पडलं, कुणीतरी खाली सापडलं. आता इतकी गाढ झोप लागली होती, आणि एकदम सगळं बंद!"

"गाढ?" मुंगी म्हणाली. "बाबा, आम्ही केवढ्याने ओरडत होतो!"

"हो, म्हणूनच," तो म्हणाला आणि चोरी पकडल्यासारखा जमिनीकडे बघू लागला.

दातवालीने त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिच्या इतकी सवयीची झाली होती, की तिला तो त्याचा चेहराच वाटायचा.

"मग रोज काय करता आत?"

"पडून असतो. लागते, तास-दोन तास. बाकी कानोसा घेत असतो. भांडं वाजत नाही, पोर हसत नाही. वाटतं, काहीतरी झालंय आणि मला सांगत नाहीयेत."

"नऊ वर्षं? आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तुम्ही एवढं जपत होता माझ्यासाठी. शिंका उशीत देत होता. कुठल्या तोंडाने सांगू?"

दुसऱ्या एखाद्या घरात यावर हसून हसून मुरकुंडी वळली असती. दातवालीला हसू आलं नाही. तिला ती उंचावरची काचेची खोली दिसली, हुकाला लटकलेले खोके दिसले, खालून ये-जा करणारी माणसं दिसली. नऊ वर्षं, रोज रात्री, तासभर झोपलेला माणूस ते खोके हलवत होता, आणि तो झोपत नव्हता तो तिच्याच मायेमुळे. काही घडलं नाही, ते तिच्या जपण्याने नाही. नशिबाने. ती स्टुलावर बसली.

"आज कामावर जाऊ नका," ती म्हणाली. मोठ्याने, दिवसाढवळ्या.

"बघतो."

"बघतो नाही. फोन करा. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने निमूटपणे फोन केला. मग आत न जाता तो तिथेच, पिंजऱ्याच्या पायथ्याशी, सतरंजीवर आडवा झाला. "चालू द्या," तो मुंगीला म्हणाला. "सातचा अर्धवट राहिला."

मुंगीने आईकडे पाहिलं, मग घसा साफ करून सुरू केलं. दातवालीने बटण दाबलं. आठाचा पाढा संपायच्या आत क्रेनवाला घोरायला लागला. वर मास्तरने बराच वेळ कान दिला, आणि मग पायातला दाणा फोडला.

दातवालीने कवळी चाकाला लावली, पण तिला दातच दिसेनात. तिला रडू आलं होतं, आणि मशीन चालू होती, म्हणून तिने ते आवरलं नाही.