माहेर नावाची गोधडी

साड्यांच्या उरलेल्या कापडाच्या गोधड्या शिवणाऱ्या प्रमिलाबाईंचं इन्स्टाग्रामचं पेज एका सकाळी जर्मनीत दिसेनासं झालं. इथं सुरतेच्या डिंडोलीत, त्यांच्या फोनवर, ते जसंच्या तसं होतं: 'माहेर गोधडी' हे नाव आणि खाली सहा वर्षांचे फोटो. म्युनिकच्या एका गिऱ्हाईक बाईंनी कळवलं, तेव्हा लेकीनं, चंचलनं, इन्स्टाग्रामकडून आलेला मेल शोधून काढला. तिथल्या एका चादरीवाल्या कंपनीनं 'माहेर' हे नाव नोंदवून तक्रार केली होती.

दोघी पर्वत पाटियाला श्रीरंग देवरे वकिलांकडे गेल्या.

"पण मी त्यांच्या आधीपासून शिवतेय," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आपल्याकडे त्याला वजन आहे, ताई. नाव आधी कोण वापरत होतं, ते इथं बघतात. तिकडे मुख्य म्हणजे नोंदणी आधी कोणाची. तुमचं सुरतेतलं वापरणं तिथं धरत नाहीत."

"म्हणजे मी इथं खरी आणि तिथं चोर?"

"चोर नाही. पण त्या नावानं तिथं विकता येणार नाही." वकिलांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "इथं मात्र तुमची बाजू भक्कम आहे. भेस्तानच्या या शोभाबाईंनी चार महिन्यांपूर्वी आपल्या गोधड्यांना तुमचंच नाव घेतलंय. तक्रार टाकू? पेज बंद पडेल."

प्रमिलाबाई फोटो बघत राहिल्या. टाके बारीक होते, हात सराईत होता.

"आत्ता नको," त्या म्हणाल्या.

रविवारी त्या एकट्याच भेस्तानला गेल्या. कशासाठी आल्यात ते ऐकून शोभाबाईंचा चेहरा उतरला.

"नाव गोड वाटनं, म्हणीसन ठेवं. माले काय माहीत, नावलेबी मालक ऱ्हास."

घरून निघताना तयार केलेलं बोलणं प्रमिलाबाईंच्या ओठावर येईना. "मालेबी आठ दिवस पहिलेच समजनं," त्याही अहिराणीतच म्हणाल्या. "पन हाई नाव मन्हं शे. तू दुसरं ठेव."

शोभाबाईंनी दोन दिवसांत नाव बदललं. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी एकही फोटो टाकला नाही, हे प्रमिलाबाईंच्या लक्षात राहिलं.

इथल्या नोंदणीचा अर्ज वकिलांनी केला. जर्मनीसाठी चंचलनं पाच-सहा नावं सुचवली. एकही आईच्या मनाला येईना. शेवटी चंचलनंच वेगळ्या पेजवर 'प्रमिला बोरसे' लिहून टाकलं. तिकडे जाणाऱ्या पहिल्या गोधडीवर स्वतःचंच नाव टाचताना प्रमिलाबाईंना अवघडल्यासारखं झालं. म्युनिकच्या बाईंनी ती मागवली. तिकडच्या बाकीच्या दोघी-तिघी गिऱ्हाइकांना नवं पेज सापडलंच नाही.