पिकअपची पायरी

गाड्यांतलं मला कळतं. ही बढाई नाही. एकतीस वर्षं मँचेस्टरच्या बसडेपोत बसखाली पाठीवर पडून काढली, तरी कळणार नसेल तर मग माझं काय करायचं? पण आमच्या परीक्षितचं म्हणणं, बाबांना बस कळते, गाडी वेगळी. त्याला गाडी यूट्यूबवरचा कुणीतरी दाढीवाला शिकवतो. असो.

आम्ही राहतो मँचेस्टरच्या उत्तरेला, डोंगरात. सून शिल्पा खालच्या गावात जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. तिच्या नोकरीपायी परीक्षितने वर घर घेतलं आणि दोन वर्षांपूर्वी आम्हा म्हाताऱ्यांनाही तिथे नेलं. घर झकास आहे. रस्ता मात्र एका गाडीपुरता, दोन्हीकडे दगडी भिंती, आणि चढ असा की उन्हाळ्यातही फर्स्ट गिअर टाकावा लागतो. कौन्सिलचा मीठ टाकणारा ट्रक खालच्या फाट्यावरूनच वळतो. वर पडलेला बर्फ वितळेपर्यंत तिथेच राहतो.

आणि आमच्या हिला, म्हणजे लीलावतीला, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. गेल्या जानेवारीत लागोपाठ दोन वेळा चुकल्या. पेशंटला न्यायला येणारी गाडी फाट्यावरून परत गेली, आमची छोटी कार घसरून भिंतीत घुसली. चौथ्या दिवशी हिला श्वास घेता येईना. डोंगरातली रेस्क्यूची माणसं आली आणि तिला स्ट्रेचरवर बांधून खाली घेऊन गेली. मी तिची बॅग घेऊन मागून चालत होतो. त्यानंतर सहा दिवस ती आयसीयूत होती.

तेव्हा घरात ठरलं की पुढच्या नोव्हेंबरच्या आत पिकअप घ्यायची. बर्फात चढणारी, आम्ही सगळे आणि कुत्रा मावेल अशी. नाही मिळाली तर हिने मार्चपर्यंत लंडनमधल्या हॅरोला, आमच्या मुलीकडे, अक्षयाकडे राहायचं. तिच्यापासून हॉस्पिटल दहा मिनिटांवर. फ्लॅट मात्र एवढासा; तिथे ही मावेल, मी मावणार नाही.

"पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे बाबा," अक्षया फोनवर म्हणाली.

मी "हो, हो" म्हणालो. फोन ठेवला आणि किचनमध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? पाच महिन्यांत ही परत येईलच याची मला खात्री नव्हती. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी बायकोवाचून राहवणार नाही असं पोरांपुढे कसं म्हणायचं? म्हणालोच नाही. मेजरिंग टेप काढली.

घरातल्या जिन्याची पायरी साडेसात इंच. ती ही कठडा धरून चढते. डायलिसिसच्या युनिटबाहेरची पायरी नऊ इंच. तिथे दोनदा थांबते, पण चढते. मग मी अकरा इंचांचं स्टूल तिच्यापुढे ठेवून पाहिलं. तिने पाय उचलला आणि परत खाली ठेवला.

"अहो, सकाळी सकाळी हे काय चाललंय तुमचं?"

"काही नाही. चहा घे."

म्हणजे नऊ इंच. त्याच्या वर गेलं की हॅरो.

परीक्षितने एक्सेल केलं होतं. बावीस कॉलम! डबल कॅब, म्हणजे मागेही सीटं आहेत का, डिझेल किती पिते, सीट तापते का, स्टिअरिंग तापतं का, मागे ट्रेलर किती वजनाचा ओढते. आमच्याकडे ट्रेलर आहे कुठे? पण त्याला कॉलम होता. पायरीला नव्हता.

"जिच्यासाठी गाडी घेतोयस, तिचा कॉलम कुठाय?" मी विचारलं.

"आईला विचारला मी. ती म्हणाली, तुम्ही घ्याल ते, मी कुठेही बसेन." पोरगा इथेच वाढलेला, त्याच्या मराठीत जे ते पुल्लिंगी.

झालं! गेली पन्नास वर्षं ही हेच बोलते. भाजी कुठली करू? तुम्ही म्हणाल ती. घर कुठे घ्यायचं? तुम्हाला आवडेल तिथे. आणि आम्ही सगळे शहाणे हे उत्तर धरून पुढे चालू पडतो.

तीन शनिवार आम्ही शोरूम हिंडलो. परीक्षित आत बसून स्क्रीन दाबायचा, मी बाहेर गुडघ्यावर बसून टेप लावायचो. बावीस इंच. एकवीस. एकीला खाली जादा फूटबोर्ड लावलेला, तरी सोळा. सेल्समन माझ्याकडे बघून हसायचे. हसेनात का.

चौथ्या शनिवारी निघताना ही कोट चढवून दारात उभी. "मीपण येते."

"तू कशाला? थंडी आहे बाहेर."

"येते म्हटलं ना."

त्या दिवशीची गाडी हिरवी होती, चार वर्षांची जुनी. मी कोट काढला आणि खाली सरपटत गेलो. इथल्या रस्त्यांवरच्या मिठाने गाड्यांचे सांगाडे खालून सडतात, वरून रंग चकचकीत. या गाडीचा सांगाडा निरोगी होता. टायर बर्फाचे, नवेकोरे. मागचा हौदा रिकामा असला की मागची चाकं बर्फावर नाचतात, पण त्याला चार पोती वाळू टाकली की भागतं. गाडी खरोखर चांगली होती, हे मी कबूल करतो. बाहेर आलो आणि टेप लावली. फूटबोर्ड धरून चौदा इंच.

"नको," मी म्हणालो.

परीक्षितचं डोकं सटकलं. "चार शनिवार झाले बाबा! हा गाडी परफेक्ट आहे. तुम्हाला काहीच का आवडत नाही? तुम्हाला आईला इथे ठेवायचं नाहीये का?"

मग माझाही तोल गेला. "गाढवा, ठेवायचंय म्हणूनच मोजतोय! तिचा पाय नऊ इंचांच्या वर जात नाही! तुझ्या बावीस कॉलमांत ते आहे का कुठे?"

सेल्समनला मराठी कळत नव्हतं, पण आवाज कळला. तो बिचारा धावत जाऊन एक घडीचं प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला. मी म्हटलं, हे बर्फावर ठेवलं तर माणूस आणि स्टूल दोन्ही फाट्यापर्यंत जातील.

परीक्षित आईजवळ जाऊन म्हणाला, "आई, मी उचलतो ना तुला. सोपा आहे."

"सोमवारी तू ऑफिसात असतोस," ही म्हणाली. "बुधवारी?"

"ऑफिस."

"मग नेतं कोण मला?"

"बाबा."

"मग ह्यांना उचलू दे की."

इतकं सरळ. आणि माझे कान तापले. आता तुम्ही हसाल, पण आमच्या पिढीचं असंच होतं. चारचौघांत बायकोला हात लावत नसत. लग्नानंतर मी पुढे आलो आणि ही दोन वर्षांनी आली, तेव्हा एअरपोर्टवर मी तिच्या हातातली बॅग घेतली आणि "प्रवास बरा झाला ना?" विचारलं. बाकीचे लोक मिठ्या मारत होते. पुढे इथल्या पार्ट्यांत शेजारीपाजारी बायकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे, आम्ही दोघं मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. इथे येऊन भाषा बदलली, जेवण बदललं, हे नाही बदललं. मोजमाप करत महिना घालवला, पण तिला आपण धरून चढवावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं.

"उभे काय राहिलात?" ही म्हणाली. "हाताला ग्रीस लागलंय का?"

मी हात पँटला पुसले. परीक्षितने दार उघडलं आणि, शहाणा तो, टायर बघायला पलीकडे गेला. हिने आतलं हँडल धरलं. मी मागून कमरेला दोन्ही हात घातले आणि इंजिनचा एखादा भाग उचलावा तसा दम धरून जोर लावला.

एवढा जोर लागणारच नव्हता. ती आत सीटवर आपटलीच जवळजवळ.

दर खेपेला नर्स हिचं वजन करते आणि मला सांगते. एक्केचाळीस, परवा साडेचाळीस. मी मान हलवतो, "ठीक आहे" म्हणतो. पण जाड कोटासकट हातात आली तेव्हा कळलं की ही किती थोडी उरलीय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही, लपवायला हात मोकळे नव्हते.

ही सीटवर नीट सावरून बसली. समोरच्या काचेतून बघितलं, मागे बघितलं.

"परीक्षित," तिने हाक मारली, "अक्षयाला कळव, मी येत नाहीये म्हणून. मला हीच गाडी हवी."

मग खाली माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "अहो, बसले मी. सोडा आता. तो माणूस बघतोय."

बघू दे म्हटलं. मी काही लगेच सोडलं नाही.