सारखा आवाज

पुढारी समोरून कसा दिसतो, हे त्याला फार उशिरा कळले. त्याचे बालपण पुढाऱ्यांच्या पाठी पाहण्यात गेले होते.

बाबांचे लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि मध्ये एक पडदा, जो सभांच्या दिवसांत कायम बाजूला सारलेला असे. भिंतीवरच्या खिळ्यांना वायरींची वेटोळी टांगलेली, पलंगाखाली कर्णे. माईक आई जुन्या मोज्यांत घालून ठेवी. अ‍ॅम्प्लिफायर तापला की त्यातून भाजलेल्या धुळीचा वास येई. पुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने खंड उघडताना त्याला तोच वास येई आणि उगाचच घरी आल्यासारखे वाटे.

शाळा सुटली की तो बाबांबरोबर मंचामागे बसे. त्यागावर बोलणारे एक गृहस्थ बोलता बोलता एका पायाने दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत. दुसरे एक होते, त्यांची उजवी मूठ श्रोत्यांसाठी आभाळाला भिडे आणि डावा हात पाठीमागे चुटक्या वाजवून पाणी मागे. टाळ्या कुठल्या वाक्याला पडणार, हे पोराला वक्त्याच्या आधी कळू लागले होते. तो पुटपुटे, "आता पडणार," आणि पडत. बाबा डोळे वटारत, पण मिशीत हसत.

बाबांचा नियम एकच. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाशेजारी आईच्या नखपॉलिशचा लाल ठिपका होता. सभा कुणाचीही असो, काटा त्या ठिपक्यावरच. एकदा एक कार्यकर्ता खांद्यावर हात टाकून म्हणाला, "उद्या त्यांची सभा आहे ना? तेवढा आवाज जरा बसवा की."

"आपण आवाज भाड्याने देतो, मत नाही," बाबा म्हणाले आणि वायर गुंडाळू लागले.

घरी आल्यावर आईने ते ऐकले. "मत घरात तरी कुठं देतात! मला बघायला आले तेव्हा पसंत आहे की नाही, हे यांच्या काकांनी सांगितलं. हे वायर बघत बसले होते. आमच्या पंख्याची."

बाबांचे ते वाक्य पोराने मात्र सूत्रासारखे उराशी धरले. तो शिकला, वक्तृत्वाच्या इतिहासावर प्रबंध लिहिला, महाविद्यालयात शिकवू लागला. ज्या भाषेवर त्याने उमेदीची वर्षे घालवली, तिची सत्तेच्या ओसरीवर चाललेली धुणीभांडी पाहून त्याच्या आत एक थंड संताप साठत गेला. तो ओरडला नाही. त्याने ब्लॉग काढला. नाव ठेवले 'मंचामागून'. भाषणे सोलून त्यातली पोकळी दाखवणे, हा त्याचा उद्योग. पण बाबांचा ठिपका त्याने सोडला नाही: एका बाजूवर जेवढे लिहायचे, तेवढेच दुसऱ्या बाजूवर. वाचक त्याला 'तराजूसर' म्हणू लागले. त्यात थट्टा होती, आणि तो तिला पदवी समजत होता.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. एका बाजूला आरोग्य समितीचे मावळते सभापती होते. त्यांनी वस्तीतले प्रसूतिगृह बंद केले होते आणि कुलूप लावण्याच्या त्या कृत्याला 'सेवेचे सक्षमीकरण' असे नाव दिले होते. भाषण अप्रतिम होते, लोक रडले. दुसऱ्या बाजूला निवृत्त शिक्षिका, भूगोलाच्या बाई. त्यांनी वस्तीचा नकाशा काढला होता: कुठल्या गल्लीतून, नऊ महिने भरलेल्या बाईला, जवळच्या उरलेल्या प्रसूतिगृहापर्यंत किती चालावे लागते. बोलता मात्र त्यांना येत नसे. वाक्य अर्ध्यावर सोडून त्या नकाशाकडे वळत आणि मग तिथेच राहत.

सभापतींवर त्याने जळजळीत लेख लिहिला. मग तराजूच्या धर्मानुसार दुसरे पारडे भरणे आले. बाईंच्या बाजूने कुलूप लावलेले काही सापडेना, म्हणून त्याने त्यांच्या बोलण्यावर लिहिले. तेवढेच लांब आणि, दुर्दैवाने, जास्त विनोदी. सभापतींच्या माणसांनी तो लेख छापून घरोघर वाटला. पुढच्या सभेत बाई नकाशाकडे वळल्या तेव्हा मागून कुणीतरी त्याच्याच लेखातले वाक्य ओरडले, "बाई, उत्तर दिशा सापडली का?" मैदान हसले. तो गर्दीत उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा मंचासमोरून पाहत होता, आणि समोरून तोंड दिसते.

सभा संपल्यावर तो त्यांच्याकडे गेला. बाई नकाशाची गुंडाळी करत होत्या.

"बाई, तो लेख—"

"खरा आहे की. मला नाहीच बोलता येत." त्यांनी गुंडाळीला रबर लावले. "पण सर, मला बोलता येत नाही आणि त्यांनी दवाखाना बंद केला, हे दोन्ही तुम्ही एका मापाने कसे मोजलेत, तेवढे मला समजावून सांगा. वर्गात एखाद्या पोराने असे प्रमाण काढले असते तर मी पुन्हा काढायला लावले असते."

पुन्हा काढायचे, तर एकाच पारड्यात उभे राहावे लागणार होते. आणि दुसऱ्या पारड्यात बाबा होते.

त्याने लेख लिहिला. मंचामागचे बालपण, लाल ठिपका, आईची थट्टा, आपली चूक, आणि या सगळ्यातून बाईंच्या बाजूला येईपर्यंतचा प्रवास. जन्मभर भाषेवर संशय घेतलेला माणूस त्या ओळी लिहिताना दोनदा हळवा झाला. छापलेला कागद घेऊन तो बाबांकडे गेला, कारण कर्ण्यांशेजारी हयात काढलेल्या बाबांना आता कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नसे.

बाबांनी भिंग धरून सगळा वाचला. मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मला यातून काढ."

"बाबा, तुमच्याचमुळे तर—" तो कानाशी ओरडला.

"मी कुणाच्या बाजूचा नाही! माझं दुकान बंद झालं म्हणून माझा नियम बंद नाही झाला. मी ज्यांना कर्णे दिले, ती माणसं आता काय म्हणतील? म्हातारा शेवटी विकला गेला! तुला बाजू घ्यायची तर तुझ्या जिवावर घे. माझा खांदा नको."

"म्हणजे मी घेऊ नको?"

"मी तसं म्हणालो का? मला काढ म्हणालो. तुझ्या आईलाही काढ. तिला विचारलंस का तू? ती गेली म्हणून काय झालं!"

तिथेच, बाबांच्या पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन, तो खोडू लागला. पडदा गेला. मोज्यांतले माईक गेले. पोटरी खाजवणारे गृहस्थ गेले, पंख्याची वायर गेली, मिशीतले हसू गेले. प्रत्येक ओळ पुसताना ती एकदा मनात वाचली जाई, आणि आता ती वाचणारा तोच शेवटचा होता. ज्या आठवणींना त्याने साक्षीला उभे केले होते, त्या एकेक करून घरी परत गेल्या. उरले ते एवढेसे: कुलूप, नकाशा, बाईंच्या बोलण्यावर आपण केलेल्या विनोदाबद्दल क्षमा, आणि 'मी यांना मत देणार आहे' हे वाक्य. त्याला कुणाचाही आधार नव्हता. एवढे उघडे वाक्य त्याने आजवर लिहिले नव्हते.

त्याने बटण दाबले. बाबा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते.

"गेला?"

त्याने मान डोलावली.

"आता शिव्या येतील," बाबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. "बस. चहा टाकतो."