तुळसाने न मोडलेला मोबाइल

मी एक जुना मोबाइल आहे. पाठीला, कॅमेऱ्याशेजारीच, बारीकशी चीर गेलेला. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवर, शाळेच्या टेबलावर मी पडून आहे. मित्रांनो, एवढं ऐकाच. इथे एका पोरीवर नाहक आळ आलाय आणि खरं काय ते ठाऊक असलेला मी पडलो मुका.

इथल्या शिक्षिका कालिंदीबाईंनी नवा फोन घेतला तेव्हा मला शाळेत आणलं. वाडीवर रेंजचा पत्ता नाही, पण बाईंचं डोकं भारी. माझ्या कॅमेऱ्यावर त्या पाण्याचा एकच थेंब ठेवायच्या, मला हलकेच उलटा करून दोन खोडरबरांवर टेकवायच्या आणि खाली मुंगी सरकवायच्या. झालो की मी सूक्ष्मदर्शक! मुंगी स्क्रीनभर दिसायची.

चौथीतली तुळसा तोवर वर्गात चकार शब्द काढत नसे. त्या दिवशी किंचाळलीच, "बाई, हिच्या पायाला केस हायत!" मग काय, रोज पानात गुंडाळून काहीतरी आणायची. तांदळातला सोंडा किडा, नाचणीचा तुरा, एकदा तर जिवंत खेकड्याचं पिल्लू. बोलायला लागली की थांबेना. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पण प्रत्येक थेंब चिरेतून थोडा थोडा आत झिरपत होता. मला कळत होतं, पण सांगणार कसं? एका दुपारी थेंब ठेवायची पाळी तुळसाची आली आणि नेमका तेव्हाच मी विझलो.

"कोणी मोडला?" मुख्याध्यापक श्रीधर गुरुजी गरजले.

सगळी बोटं तुळसाकडे वळली. "गुरुजी, हिनंच जास्त पानी घातलं!"

खोटं, साफ खोटं! सगळ्यांत लहान थेंब तिचाच होता.

बाईंनी मला तांदळाच्या डब्यात पुरलं, महाडला दुरुस्तीला नेलं. दुकानदाराने हात टेकले. इकडे तुळसा शाळेत येईना. बाई तिच्या घरी गेल्या तर दाराआडून म्हणाली, "मी नाय येत. माझ्या हातानं सगळं मोडतं." मी बाईंच्या पिशवीत होतो. एकदाच उजळू दे, एकच क्षण, म्हणून किती तडफडलो! काही होईना.

त्यानंतर ती पुरती मुकीच झाली होती. आज बाईंनी तिला हाताला धरून आणलंय आणि तिच्या मुठीत बारका स्क्रूड्रायव्हर दिलाय. "चीर आधीपासून होती, तुळसा. याचं भिंग अजून चांगलं आहे. तूच काढ, माझ्या फोनच्या कॅमेऱ्यावर लावू, मुंगी पुन्हा मोठी दिसेल." तिला पटत नाही. हात पुढे होत नाही.

मित्रांनो, वस्तू जपा, जरूर जपा. पण वस्तू बिघडली म्हणून पोराला धारेवर धरू नका हो! मोबाइल दुसरा मिळेल. हिने पुन्हा तोंड उघडलं नाही तर काय करायचं?

उघड गो पोरी, भिऊ नको, उघड मला!

हात पुढे आला. पहिला स्क्रू निघाला. तुळसा खाली वाकली, अगदी माझ्या जवळ आली.

"बाई, ह्याला दुखतंय काय?"

नाय गो, तुळसा. जरापन नाय.