डिटर्जंट न घातलेली प्लेट

शहाण्णव खळगे. ऐंशींमध्ये एन्झाइम आणि औषधाचे नमुने, आठांत नुसते एन्झाइम, आठांत एन्झाइमही नाही. अशी प्लास्टिकची प्लेट रोज माझ्या पोटात सरकवली जायची. मित्रांनो, मी एक जुना प्लेट-रीडर आहे. प्रत्येक खळग्यातून किती उजेड येतो, एवढेच मला मोजता येते.

२००६ साली सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेत नीता मेश्राम मला वापरत असे. मलेरियाचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि एका एन्झाइमच्या मदतीने हिमोग्लोबिन तोडून खातो. त्या एन्झाइमच्या खाचेत घट्ट बसेल असा रेणू नीताने दोन वर्षे खपून रचला होता. एन्झाइमचे काम चालू असले की खळगा उजळतो, बंद पडले की अंधारा राहतो. तिच्या रेणूचे सगळे खळगे अंधारे राहिले. तिचा पुण्याचा सहकारी सारंग माझ्या झाकणावर थोपटत म्हणाला, "म्हातारा अजून ठणठणीत आहे." नीताने लिटल इंडियातून पेढे आणून वाटले. सोमवारपासून उंदरांवर चाचणी होणार होती.

त्याआधी खात्रीसाठी तिने तोच रेणू गाईच्या स्वादुपिंडातल्या एन्झाइमवर घालून पाहिला. त्याचा मलेरियाशी काही संबंध नव्हता. तो खळगा उजळायलाच हवा होता. मी मोजले. अंधार. पुन्हा मोजले. अंधारच. मी सुन्न झालो. नीता स्क्रीनसमोर उभीच राहिली, खुर्ची मागे असूनही.

"किल्ली एकाच कुलपाची होती ना?" सारंग म्हणाला. "ही तर दिसेल ते कुलूप जाम करतेय."

"पाण्यात रेणूंचे गोळे होत असतील. एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून बसत असेल. खाचेत काही जातच नसेल."

"मग थेंबभर डिटर्जंट घाल, गोळे सुटतील. आपण का घालत नव्हतो?"

"फेस येतो म्हणून. बुडबुडे आले की याचे आकडे उड्या मारतात."

"म्हणजे म्हाताऱ्याचे लाड पुरवले. आणि पेढे तर पचलेसुद्धा."

"उंदरांना टोचण्याआधी कळतंय, हे बरं," नीता म्हणाली.

माझ्या सोयीसाठी! हे ऐकून मला दुसरा धक्का बसला. माझा एकही आकडा खोटा नव्हता, आणि तरीही त्या आकड्यांवर पेढे वाटले गेले होते.

मित्रांनो, आता मी भांडारात प्लास्टिकखाली पडून आहे. माझ्यासारखे यंत्र हाताळाल तेव्हा त्याची काच जरूर पुसा, पण त्याला त्रास होतो म्हणून प्रयोगातले काही वगळू नका. फेस बसेपर्यंत थांबा. नीता थांबली. तिने एका रांगेत डिटर्जंट घातले, दुसरीत नाही, आणि उरलेले बुडबुडे सुईने एकेक करून फोडले. मग प्लेट आत सरकवली.

डिटर्जंटशिवाय तिच्या रेणूने मलेरियाचे एन्झाइम त्र्याण्णव टक्के रोखले. डिटर्जंट घातल्यावर चार टक्के.