चौथ्या दिवशी बंद केलेली फाईल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या रेकॉर्ड विभागात सगळ्यांना ठाऊक आहे. एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात बसून डॉक्टरांची अक्षरं लावायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? पेशंट घरी गेला की त्याची फाईल खाली माझ्याकडे येते. काय आजार होता, काय केलं, त्याचे ठरलेले कोड मी कॉम्प्युटरमध्ये टाकते. गर्भाशयाच्या आत वाढलेला साधा पॉलिप, म्हणजे कॅन्सर नसलेला मांसाचा कोंब असेल, तर एन चौऱ्याऐंशी पॉइंट शून्य. झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

आता आमची खरी पद्धत सांगते. काढलेला पॉलिप तपासणीला जातो आणि रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात. नियमाने तोवर फाईल थांबवायची. पण पाचव्या दिवशी थांबलेली फाईल साहेबांच्या स्क्रीनवर लाल दिसते. साहेबांना आम्ही पाठीमागे ‘तारीखवाले’ म्हणतो. आजाराशी त्यांना घेणंदेणं नाही, फाईल कधी बंद होणार तेवढं बोला. मग आम्ही काय करायचो? ऑपरेशनच्या टिपणात डॉक्टरांनी ‘दिसायला साधा पॉलिप’ असं लिहिलेलं असलं की चौथ्या दिवशी साधा कोड टाकून मोकळ्या. रिपोर्ट आला की मागे टाचायचा, कोपऱ्यात आद्याक्षरं करायची, संपलं. साधा कोड पडला की कॉम्प्युटर त्या बाईचं नाव फेरतपासणीच्या यादीतून काढून टाकतो. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायला मला तोंड नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. यजमान गेल्यापासून आमच्याकडेच असतात, शाळेचे गणवेश शिवतात. सुरुवातीला आमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. मग कधी जमलं ते दोघींनाही कळलं नाही. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर, गेल्या साली त्यांना पुन्हा रक्त जायला लागलं, तेव्हा भावाला न सांगता त्यांनी मलाच सांगितलं. मी हाताला धरून आमच्याच हॉस्पिटलात नेलं. पॉलिप निघाला. घरचं माणूस म्हणून फाईल मी स्वतः केली, चौथ्या दिवशी, तीही सगळ्यांत आधी. वर संध्याकाळी घरी येऊन तोरा मिरवला.

“वन्सं, साधा पॉलिप. मीच कोड टाकलाय. आता विसरा.”

“डॉक्टरांनी दहा दिवसांनी बोलावलंय गं. जाऊ ना?”

“कशाला खेटे घालताय? रिपोर्ट माझ्याच टेबलावर येतो.”

रिपोर्ट आला माझ्याच टेबलावर. चाळीस रिपोर्टांच्या गठ्ठ्यात आला. मी टाचला, आद्याक्षरं केली. वाचला नाही.

यंदा त्यांना परत रक्त जायला लागलं. तीन महिने लपवलं बाईनं! मी ओरडले तर म्हणाल्या, “तू साधं म्हणाली होतीस ना? म्हटलं, आपोआप थांबेल.” मग सोनोग्राफी झाली, स्कॅन झाला. नव्या डॉक्टरीणबाईंनी भुवया आक्रसल्या आणि मला म्हणाल्या, “मागची फाईल आणा जरा.”

तळघरात उभ्या उभ्याच मी फाईल उघडली. शेवटच्या पानावर रिपोर्ट होता. पॉलिपमध्ये कॅन्सरच्या पेशी, पुढील उपचार तातडीने. खाली, उजव्या कोपऱ्यात, माझी आद्याक्षरं. मी खाली फरशीवरच बसले.

तारीखवाले आले. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलले. “हे बघा, यावर मिळाल्याची तारीख कुठंय? नुसती आद्याक्षरं आहेत. लॅबकडून परवाच मिळाला, असं लिहून टाका. तुमच्यावर काही येणार नाही.”

खोटं कशाला बोलू, मी पेन हातात घेतलं होतं. मग वाटलं, वन्संना काय सांगणार मी? घरी माझ्याबरोबर एका ताटात जेवणारी बाई आहे ती, माझ्या शब्दावर वर्ष काढलं तिनं. पेन ठेवलं आणि फाईल घेऊन वर गेले.

डॉक्टरीणबाईंनी वन्संसमोरच जुना रिपोर्ट आणि नवा स्कॅन शेजारी-शेजारी ठेवले. आजार पोटात पसरलाय, म्हणाल्या. वन्संनी विचारलं, “तेव्हाच आले असते तर?”

“गर्भाशयाची पिशवी काढली असती. बहुतेक तेवढ्यावर भागलं असतं.”

बाहेर बाकावर बसल्यावर वन्संनी सवयीनं पिशवीतून एक सदरा आणि बटणांचा डबा काढला. मी त्यांच्यापुढे रिपोर्ट धरला.

“वन्सं, ही माझी सही आहे. हा कागद माझ्या हातात आला होता. मी वाचला नाही. तुम्हाला जाऊ दिलं नाही ते मीच.”

त्यांनी चष्मा लावून कोपरा बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता थोबाडीत मारतील. मारली असती तर बरं झालं असतं.

“सगळ्यांचे असेच टाचता?”

“हो.”

“मग अजून किती असतील अशा?”

खरं सांगते, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी तिथे रडत बसले होते ती माझ्यासाठी.

“अगं, गणवेशाच्या गठ्ठ्यात एक बाही उलटी निघाली तर मी सगळा गठ्ठा उलगडते. आणि तू इथं काय टिपं गाळतेस? जा, बघ. मी आहे इथं, पळून नाही जात.”

मी खाली गेले. दोन वर्षांतल्या एन चौऱ्याऐंशीच्या सगळ्या बंद फायली काढल्या, दोनशे सव्वीस. तारीखवाले म्हणाले, “हे काय चाललंय?” मी म्हटलं, “तुमच्या तारखा बघतेय. आडवे येऊ नका.” प्रत्येक फाईलचं शेवटचं पान वाचलं. दुपार टळेपर्यंत एक सापडली. पाच महिन्यांपूर्वीची, एका शिक्षिकेची. फोन लावला, तिनंच उचलला.

“पण माझं साधं होतं ना? तुमच्याकडूनच कळवलं होतं.”

“चुकीचं कळवलं होतं. आजच या. मी दारात उभी राहते.”

ती आली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचून तिला तपासलं, मग मी वन्संकडे परत आले. बाकावर शिवलेले चार सदरे घडी करून ठेवले होते.

“निघाली का कोणी?”

“एक.”

“वेळेत?”

“डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेत.”

वन्संनी मान हलवली. पाचवा सदरा मांडीवर घेतला. सुईत दोरा घालायला गेल्या. दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा हुकलं. मग त्यांनी सुई-दोरा माझ्यापुढे केला. माझ्याकडे बघितलं नाही.

“दे ओवून,” म्हणाल्या. “नीट बघून ओव.”